नवं इंजिन, जुना सल्ला

नवी गाडी घरी आली की पेढे वाटून संपायच्या आत सल्ले सुरू होतात. बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं असतं, चाकाखालच्या लिंबाचा लगदा झालेला असतो, आणि पार्किंगमध्ये हाताची घडी घालून उभे असलेले शेजारचे काका सांगत असतात, "पहिले पाच हजार साध्या ऑइलवरच काढ. सिंथेटिक लगेच घालू नकोस, इंजिन बसत नाही." कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं वेगळं : "पाचशेला ऑइल काढून टाका साहेब. नव्या इंजिनात चुरा असतो." आणि महिन्याभरानं पहिल्या मोफत सर्व्हिसला गेलं की काउंटरवरचा तरतरीत मुलगा संगणकावरची नजर न काढता विचारतो, "सर, सिंथेटिक टाकून घेऊ या ना? गाडी स्मूथ होईल."

मी त्या मुलाला "टाका" म्हणालो होतो. सर्व्हिस मोफत होती. बिल मात्र चार आकडी आलं. रात्री सहज म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदा बाहेर काढलं आणि इंजिन ऑइलचं पान वाचलं. गाडी कारखान्यातून निघाली तीच मुळी सिंथेटिक पिऊन. हजार किलोमीटर चाललेलं सिंथेटिक काढून त्यांनी सिंथेटिकच भरलं होतं, आणि मी वर आभार मानून आलो होतो. चूक अर्धी त्यांची, अर्धी माझी. पुस्तक आधी वाचायला मला कुणी अडवलं नव्हतं.

हे प्रकरण त्या बिलातून निघालं आहे. "नव्या गाडीला सिंथेटिक कधी सुरू करायचं?" हा प्रश्न एके काळी खरा होता. ज्या इंजिनांसाठी तो खरा होता, ती बहुतेक भंगारात गेली. प्रश्न तेवढा पार्किंगमध्ये उभा राहिला.

जात्याची टाकी

ज्यांच्या घरात जातं होतं, त्यांना इंजिन 'बसणं' म्हणजे काय हे सांगायला फार वेळ लागत नाही. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत झाल्या की दाणा नुसता घरंगळायचा, पीठ पडायचं नाही. मग टाकी लावणारा यायचा आणि छिन्नीनं दोन्ही तळ्यांवर बारीक टाके पाडून जायचा. टाकवलेल्या जात्याचं पहिलं दळण कुणी खात नसे, कारण त्यात दगडाची कच उतरायची. थोडं दळण झालं की टाक्यांची अणकुचीदार टोकं झिजायची, खोबणी तेवढी शिल्लक राहायची, कच थांबायची आणि जातं 'लागायचं'.

इंजिनाच्या ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो, त्याला मेकॅनिक बोअर म्हणतात. कारखान्यात या बोअरच्या आतल्या भिंतीवर घासदगड फिरवून मुद्दाम बारीक ओरखडे पाडतात, एकमेकांना छेदणारे, चटईच्या विणीसारखे. या कामाला होनिंग म्हणतात. ओरखडे इतके बारीक असतात की माणसाचा केस त्यांच्यापुढे दोरखंडासारखा वाटावा. पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन जळत्या वायूला खाली निसटू देत नाहीत, तिसरी भिंतीवरचं जादा तेल निपटून खाली आणते. नव्या इंजिनात ओरखड्यांचे उंचवटे रिंगांवर घासतात, दोघंही थोडे थोडे झिजतात आणि एकमेकांच्या आकाराला येतात. उंचवटे जातात, खोबणी राहतात, खोबणीत तेल साठतं. इंजिन बसलं ते हे असं.

न बसलेलं इंजिन ओळखू येतं. वायू रिंगांच्या बाजूनं निसटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो, तेल वर चढून जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि गॅरेजमध्ये निदान होतं : गाडी ऑइल खाते.

डुक्कर फियाटच्या आणि अँबेसेडरच्या जमान्यात हे बसणं मालकाच्या हातात होतं, कारण कारखान्यातलं होनिंग आजच्या मानानं खडबडीत असायचं. नव्या गाडीच्या मागच्या काचेला 'रनिंग इन' अशी पाटी लावून डाव्या कडेनं सावकाश चाललेली फियाट अनेकांनी पाहिली असेल. मागच्यानं हॉर्न वाजवून डोकं खाऊ नये, पुढे निघून जावं, एवढाच त्या पाटीचा अर्थ. पहिलं ऑइल लवकर काढायचं, कारण त्यात खरोखरच लोखंडाची कच असायची. टाकवलेल्या जात्याचं पहिलं दळण ते. शेजारचे काका गाडी चालवायला शिकले ते या इंजिनांवर. त्यांचा सल्ला खोटा नव्हता. इंजिन बदललं एवढंच.

घसरटपणाचा गैरसमज

आता सल्ल्यातला सिंथेटिकचा भाग. त्यामागचा तर्क ऐकायला सरळ वाटतो. रिंगा बसायला घर्षण हवं. सिंथेटिक तेल जास्त घसरट. म्हणजे आधीपासून सिंथेटिक घातलं तर घर्षणच होणार नाही, रिंगा बसणार नाहीत आणि इंजिन जन्मभर ऑइल खात राहील.

यात घोळ आहे तो 'घसरट' या शब्दात. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पुरेसा जाड पापुद्रा असतो तोपर्यंत दोन धातू एकमेकांना शिवतच नाहीत, मग तेल कुठलंही असो. पापुद्रा पातळ होऊन उंचवटे भिडू लागतात तेव्हा काय होतं हे ठरतं पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर, रिंगेमागून रेटणाऱ्या वायूच्या दाबावर, आणि तेलात मिसळलेल्या रसायनांवर. त्यातलं सर्वांत जुनं आणि महत्त्वाचं रसायन जस्त आणि फॉस्फरसचं. ते धातूवर एक पातळ थर धरतं आणि स्वतः झिजून धातूला वाचवतं. हे रसायन मिनरल तेलातही असतं आणि सिंथेटिकमध्येही. मूळ तेल जमिनीतून आलं की प्रयोगशाळेतून, याला त्या उंचवट्यांच्या पातळीवर फारशी किंमत नाही.

शिवाय उंचवटे आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. आज बहुतेक इंजिनांचं होनिंग दोन-तीन टप्प्यांत होतं. आधी खोल खोबणी पाडायच्या, मग अधिक बारीक दगडानं त्यांची वरची टोकं छाटून सपाट करायची. पूर्वी मालक हजार किलोमीटर गाडी हाकून जे करायचा, त्यातलं बरंचसं काम आता कारखान्यातच होतं. रिंगांवरचे लेपही बदलले. नव्या गाडीत मालकाच्या वाट्याला जे बसवणं उरतं, ते थोडंसंच.

पुरावा हवा असेल तर तो तीस वर्षांहून जुना आहे. १९९२ च्या मॉडेलपासून शेव्हरले कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार कारखान्यातूनच मोबिल वन हे सिंथेटिक तेल भरून बाहेर पडू लागली. उष्णता सोसणारं तेल असल्यानं कंपनीला ऑइल कूलर गाळून खर्चही वाचवता आला. पुढे पोर्शनंही तोच रस्ता धरला. सिंथेटिकनं रिंगा बसत नसत्या, तर या गाड्यांच्या मागे निळ्या धुराचे लोट दिसले असते. तसं काही झालं नाही.

मग ही समजूत इतकी चिवट का? एक कारण सिंथेटिकच्या पहिल्या दिवसांत आहे. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या तेलाची टंचाई असलेल्या जर्मनीनं कोळशापासून इंधन आणि वंगण बनवण्याचं तंत्र रेटलं. जेट विमानांच्या इंजिनात साधं तेल जळून जाऊ लागलं तेव्हा कृत्रिम वंगणांचं महत्त्व आणखी वाढलं. मोटारींच्या दुकानात ती आली सत्तरच्या दशकात. १९७२ मध्ये ॲम्सऑइल आलं. ते काढणारा अल अमाटुझिओ हा लढाऊ विमानं चालवलेला वैमानिक होता, जेटमध्ये चालणारं तेल मोटारीत का नको असा त्याचा सवाल. पाठोपाठ १९७४ मध्ये मोबिल वन. सुरुवातीच्या त्या तेलांचं इंजिनातल्या रबरी सीलशी नेहमीच पटलं नाही. काही सील आकसले, काही फुगले, गाड्या गळू लागल्या. सीलना मानवतील असे घटक मिसळून तो दोष पुढे दूर झाला, पण गॅरेजच्या फरशीवरचा डाग जसा जात नाही तशी बदनामीही गेली नाही. "एकदा सिंथेटिक घातलं की परत साध्यावर येता येत नाही" ही दुसरी दंतकथाही याच काळातली. आज एकाच प्रमाणपत्राची तेलं एकमेकांत मिसळली तरी फाटणार नाहीत, ही अटच असते.

दुसरं कारण आकाशात आहे, आणि ते अगदी खरं आहे. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जगभर वापरलं जाणारं सेसना १७२ हे छोटं विमान घ्या. त्याच्या लायकॉमिंग इंजिनाला, नवं असताना किंवा सिलिंडर बदलल्यावर, आजही पहिले पन्नास तास किंवा तेल पिण्याचं प्रमाण स्थिर होईपर्यंत साधं मिनरल तेलच भरतात. ही इंजिनं हवेनं थंड होतात, त्यांची नळकांडी मोठी असतात, तापली की जास्त प्रसरण पावतात म्हणून फटीही मोठ्या ठेवलेल्या असतात. तिथे काकांचा सल्ला अक्षरशः लागू आहे. विमानतळाच्या हँगरमधलं शहाणपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलं की त्याचं काय होतं, याचा हा नमुना.

'सिंथेटिक' म्हणजे नेमकं काय

कच्च्या तेलातून वेगळं केलेलं वंगण म्हणजे न निवडलेले गहू. लहान दाणे, मोठे दाणे, काडी, खडा, सगळं एकत्र. चाळलं, पाखडलं तरी काही ना काही उरतंच. लहान रेणू उष्णतेनं उडून जातात, मेणासारखे रेणू थंडीत गोठतात, गंधकाचे रेणू धातू गंजवतात. अस्सल सिंथेटिकमध्ये निवडायची भानगडच नसते. इथिलीन वायूपासून एकाच लांबीचे तुकडे बनवायचे आणि ते तीन-तीन, चार-चार असे एकमेकांना जोडायचे. सगळे दाणे जवळपास एका मापाचे.

पण बाजारात 'सिंथेटिक' म्हणून मिळणारं सगळं असं नसतं. मधला एक मार्ग आहे : कच्च्या तेलातलाच भाग घ्यायचा, प्रचंड दाबाखाली हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून त्याचे रेणू तोडायचे, पुन्हा जुळवायचे, घाण जवळजवळ पूर्ण काढून टाकायची. याला तिसऱ्या गटाचं तेल म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कॅस्ट्रॉलनं आपल्या सिंथेटिकमध्ये महागड्या मूळ तेलाऐवजी हे तिसऱ्या गटाचं तेल वापरायला घेतलं. मोबिलनं जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तिथल्या संस्थेकडे तक्रार केली, की हे सिंथेटिकच नव्हे. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला. तेव्हापासून जगातल्या बऱ्याच भागांत 'सिंथेटिक' हा रसायनशास्त्राचा शब्द राहिला नाही, तो डब्यावरचा शब्द झाला. 'सेमी सिंथेटिक'चं तर विचारूच नका; त्यात सिंथेटिक किती असावं याला ठरलेलं प्रमाणच नाही.

मला यात फसवणूक दिसत नाही. चांगलं बनवलेलं तिसऱ्या गटाचं तेल रोजच्या गाडीला पुरून उरतं. मात्र जो शब्द इतका सैल झाला आहे, त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे वंगण बनतं कुठे, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर फार लांब जायला नको. मुंबईत माहूलला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत वंगणाचं मूळ तेल निघतं. तो कारखाना १९६९ मध्ये एस्सो आणि भारत सरकार यांच्या 'ल्यूब इंडिया' या भागीदारीतून उभा राहिला आणि पुढे सरकारी झाला. आणि कॅस्ट्रॉल हे नावच मुळी एरंडेलावरून पडलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीनं खनिज तेलात एरंडेल मिसळून विमानांसाठी आणि मोटारींसाठी वंगण काढलं. इंग्रजीत एरंडेलाला कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून कॅस्ट्रॉल. आपल्या आज्यांनी जे नाक दाबून पाजलं, त्याच तेलावर पहिल्या महायुद्धातली विमानं उडाली.

डब्यावर काय वाचायचं

'सिंथेटिक' हा शब्द सोडून द्या. त्याच्या खाली लहान अक्षरांत असतं ते वाचा. ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० अशा जोड्या दिसतील. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीतल्या वहातेपणाचा, जितका लहान तितकं तेल थंडीत सहज वाहतं. पलीकडचा आकडा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाचा. ०डब्ल्यू तेलाची चाचणी शून्याखाली ३५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची शून्याखाली २० अंशांवर.

इथे जाहिरातींना थोडं अडवायला हवं. थंडीत चटकन वाहतं म्हणून सिंथेटिक घ्या, हे द्रासमध्ये राहणाऱ्याला सांगा. निफाडला पारा कधीमधी पाच अंशांखाली उतरला की आपल्याकडे ती पहिल्या पानाची बातमी होते. त्या थंडीत १५डब्ल्यू तेलही अडत नाही. पातळ तेल पुण्यातल्या सकाळीसुद्धा जाड तेलापेक्षा लवकर वर पोहोचतं, हे खरं. पण मराठी मुलखात सिंथेटिकचा खरा उपयोग थंडीचा नाही, उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात चंद्रपुरात ४५ अंशांच्या वर पारा, एसी पूर्ण जोरात आणि गाडी रेल्वे फाटकाला उभी. तेलाचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा आहे. सारख्या रेणूंचं, गाळ कमी धरणारं तेल तिथे टिकतं.

टर्बो इंजिन असेल तर हा मुद्दा दुप्पट. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त तेलाच्या पापुद्र्याचा. घाट चढून आल्याबरोबर गाडी बंद केली की तापलेल्या दांड्याभोवतीचं तेल जागच्या जागी करपतं, कढईच्या कडेला फोडणी करपते तसं. साधं तेल आधी करपतं, सिंथेटिक उशिरा.

आणि या ग्रेडमध्येच मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ आणि तरीही टिकाऊ तेल साध्या मिनरलपासून बनवणं शक्यच नसतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात यांपैकी ग्रेड छापला असेल, तर गाडी जन्मापासून सिंथेटिकवर आहे. आज आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच पेट्रोल गाड्या याच वर्गातल्या. त्यांच्या मालकांनी "कधी बदलू?" विचारणं म्हणजे चहा पीत असताना चहा कधी सुरू करू असं विचारणं.

ग्रेडशेजारी गोल शिक्क्यात एपीआय या अमेरिकी संस्थेच्या मानकाची दोन अक्षरं असतात. पेट्रोलसाठी पहिलं अक्षर एस. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं तितकी मानकं नवी. एसएन २०१० मधलं, एसपी २०२० मधलं. हा नुसता क्रम नाही. नव्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत एक खोड निघाली : वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचं, कधी कधी पिस्टन फुटण्याइतकं. शोध घेतल्यावर तेलातल्या कॅल्शियमच्या रसायनांचा त्यात हात निघाला. म्हणून पाककृती बदलली, काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आलं, आणि एसपीमध्ये त्याची चाचणी सक्तीची झाली. जुन्या मानकाचं उत्तम सिंथेटिक अशा इंजिनाला नव्या मानकाच्या तेलापेक्षा धोक्याचं. डिझेलचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांना धुराची काजळी पकडणारी गाळणी लागली. तेल जळून मागे राहणारी राख या गाळणीत बसते आणि निघत नाही, म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. जुन्या जीपचं उरलेलं अर्धं कॅन त्यात ओतू नका, त्यावर 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेलं असलं तरी.

मग कधी?

पुस्तकात सिंथेटिक ग्रेड असेल तर बदलण्यासारखं काही नाही, हे झालंच. पुस्तकात ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० आहे, गाडी मिनरल किंवा सेमीवर आली आहे आणि तुम्हाला सिंथेटिकवर जायचं आहे, तर ठरलेल्या पहिल्या ऑइल चेंजला जा. बहुतेक गाड्यांत तो दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा असतो. हजार-दीड हजारची पहिली मोफत सर्व्हिस बहुतेक कंपन्यांत नुसती तपासणीची असते. तिथे ऑइल बदलायचा आग्रह झाला तर पुस्तकातलं वेळापत्रक पुढे करा. कारखान्यातलं पहिलं तेल लवकर काढू नये अशीच सूचना काही कंपन्या देतात. होंडा अमेरिकेतल्या ग्राहकांना हेच सांगते.

गॅरेजवाल्याच्या चुऱ्याचं काय? चुरा असतो, पूर्वीपेक्षा फार कमी, आणि ऑइल फिल्टर त्यातला मोठा भाग धरतो. जिथे कंपनीला लवकर बदल हवा असतो तिथे ती तसं लिहिते. बीएमडब्ल्यूच्या 'एम' मालिकेतल्या जोरकस गाड्यांना दोन हजार किलोमीटरला ऑइल बदलायला लावतात. गंमत अशी की तिथेही सिंथेटिक काढून सिंथेटिकच भरतात. म्हणजे चुऱ्याचा प्रश्न वेगळा आणि सिंथेटिकचा वेगळा. आपल्याकडे दोन्ही एकाच पातेल्यात शिजले आहेत.

पाचशे किलोमीटरचा आकडा आपल्या डोक्यात बसला तो दुचाकीमुळे, असा माझा अंदाज आहे. मराठी घरात आधी स्कूटर किंवा मोटरसायकल येते, कार नंतर. मोटरसायकलला पाचशे ते हजारच्या दरम्यान पहिलं ऑइल बदलतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथे इंजिन, गिअर आणि क्लच सगळे एकाच तेलात बुडलेले असतात. गिअरच्या दातांचा चुराही त्यातच. कारचे गिअर वेगळ्या तेलात असतात. जाता जाता, कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये घालू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तेलात बुडालेला क्लच घसरू लागतो. मोटरसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' असायला हवं.

रिंगा बसवण्यासाठी मालकानं करायचं काम तेलात नाही, पायात आहे. पहिले हजार किलोमीटर ॲक्सिलरेटर तळाला नेऊ नका, पण गाडीला गोंजारूही नका. एकाच वेगानं एक्स्प्रेसवेवर शंभर किलोमीटर सोडू नका, वेग कमीजास्त करा. तासभर उभी गाडी एसीसाठी चालू ठेवू नका. रिंगेला भिंतीवर दाबून धरतो तो ज्वलनाचा दाब, आणि तो येतो इंजिनावर थोडा भार पडल्यावर. फारच जपून चालवलेल्या इंजिनात तेल भिंतीवर जळून काचेसारखा थर धरतं, खोबणी भरून जातात आणि मग कुठलंही ऑइल घातलं तरी ते इंजिन ऑइल खातंच. इथे जात्याची उपमा संपते. जातं रिकामं फिरवलं तर निदान एवढं बिघडत नसे.

सिंथेटिकला जास्त पैसे मोजले म्हणून वीस हजार किलोमीटर खेचायचं, हा मोह मात्र आवरा. युरोपात काही गाड्या दोन वर्षं आणि तीस हजार किलोमीटर एका तेलावर जातात. त्यांचे रस्ते मोकळे, धूळ कमी, इंजिन पूर्ण तापेल इतका लांब प्रवास. आपल्या गाडीच्या पुस्तकात मागे कुठेतरी 'कठीण परिस्थिती' असा भाग असतो. धुळीचे रस्ते, थांबत-थांबत चालणारी रहदारी, चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, फार वेळ उभं इंजिन. अशा वेळी ऑइल लवकर बदला, असं त्यात म्हटलेलं असतं. हिंजवडीला कामाला जाणारा माणूस ती यादी वाचून हसेल. ज्याला पुस्तक कठीण परिस्थिती म्हणतं, तो आपला सोमवार आहे.

रंगावरून निकाल देऊ नका. डिझेलचं तेल काही दिवसांतच काळं होतं, कारण काजळी धुऊन पोटात घेणं हेच त्याचं काम. सीएनजीचं तेल मधासारखं स्वच्छ दिसत राहतं, आणि तरीही आतून उतरलेलं असू शकतं. रंगापेक्षा पातळी बोलते. बीएस-६ डिझेल फक्त शहरात फिरत असेल तर गाळणी साफ करण्यासाठी फवारलेलं डिझेल पुरतं जळत नाही, ते चेंबरमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची रेघ कमी होण्याऐवजी वर चढते. पातळी वाढली म्हणून आनंद मानू नका, गाडी सर्व्हिसला न्या.

तर एवढं करा. येत्या रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करा. डिपस्टिक काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा घाला, काढा, रेघ बघा. मग कप्प्यातलं पुस्तक पिशवीतून काढा, इंजिन ऑइलच्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. पुढच्या सर्व्हिसला काउंटरवरचा मुलगा "सर, सिंथेटिक टाकू या ना?" म्हणाला, की त्याला तो फोटो दाखवा आणि सांगा, "यात लिहिलंय तेवढंच टाका."